वेताळ, हडळ आणि रिव्हिजन शून्य दोन

हसणार असाल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मला मधे मधे थांबायला नको. कारण जे सांगतोय ते माझ्याच हातून झालंय, माझ्या सहीनिशी झालंय, आणि आजही आमच्या कंपनीत बोर्डावर लावलेलं आहे. नाकारायची सोयच नाही राव!

मी गणेश, मूळचा परभणीकडचा. महाळुंग्यात गाड्यांच्या दरवाजांच्या बिजागऱ्या बनवणारी एक कंपनी आहे, तिथं लाइनवर सुपरवायझर. तुमच्या गाडीचा दरवाजा कुरकुरला तर शिव्या मला बसतात, आणि नाही कुरकुरला तर मी जगात आहे हेही कुणाला आठवत नाही. अशी ही नोकरी.

गेले आठ महिने मी 'प्रभारी' लाइन इन्चार्ज होतो. प्रभारी म्हणजे कसं, काम सगळं इन्चार्जचं, फक्त पत्र नाही. आमचे मॅनेजर निकम सर म्हणाले होते, "गणेश, गिऱ्हाईक कंपनीचं ऑडिट येतंय. ते नीट पार पाड. तुझं पत्र टाइप करून ठेवलंय, फक्त माझी सही राहिलीय."

ही गोष्ट मी वडिलांना फोनवर सांगितली. त्यांनी 'फक्त सही राहिलीय' एवढं सोडून बाकी सगळं गावाला सांगितलं. देवळापुढं पेढे वाटून मोकळे! आता पत्र हातात पडलं नाही तर गावात कुठल्या तोंडानं जायचं, सांगा बरं?

तर हे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला आमचा गुरुवार.

चाकण-भोसरीकडं आमच्यासारख्या कंपनीवाल्यांचा रविवार गुरुवारी येतो, म्हणजे आठवड्याची सुट्टी तेव्हा. त्या दिवशी दुपारी मोशीला आमच्या फ्लॅटवर एक खेळ रंगतो. लागतं काय, तर कागद, पेन्सिल आणि वीस बाजूंचा एक फासा. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतले वीर होऊन जंगलात शिरतात आणि राक्षसांशी लढतात. वार बसला की हुकला, हे फासा ठरवतो. खेळायला माझी बायको केतकी, तिचा भाऊ आणि शेजारचे एक जण. गोष्ट सांगणारा मी. म्हणजे जंगल माझं, गुहा माझ्या आणि राक्षसही माझेच.

परदेशी राक्षसांची नावं माझ्या तोंडात बसेनात, म्हणून मी आपले घरचेच घेतले. वेताळ, हडळ, खवीस, गिरा. सगळी लहानपणापासूनच्या ओळखीची मंडळी.

तर एका गुरुवारी केतकीनं पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, "गणेश, एक बोलू? राग नको मानूस."

बायकोनं ही दोन वाक्यं एकापाठोपाठ उच्चारली की समजावं, राग येणार आहे.

"तुझे सगळे राक्षस सारखेच आहेत रे. येतात, गुरगुरतात, मरतात. नाव तेवढं बदलतोस."

"असं कसं? हडळीला मोकळे केस दिलेत की!"

"केसांनी काय होतंय? ती करते काय? वेताळ धावून येतो, खवीस धावून येतो, हडळही धावूनच येते. भुतं आहेत का शिफ्ट सुटल्यावर बस पकडणारी माणसं?"

मेव्हणा एवढा हसला की त्याचा चहा फाशावर सांडला. मला लागलं हो! आठ माणसांची लाइन सांभाळणारा मी, मला चार भुतांना कामं वाटून देता येत नाहीत?

मग मी पेटलो. पण माझी एक अडचण आहे. बारा वर्षं कंपनीत काढल्यावर माणसाला मोकळ्या कागदावर विचार करताच येत नाही. रकाने लागतात. डाव्या कोपऱ्यात कंपनीचं नाव, उजव्या कोपऱ्यात रिव्हिजन नंबर, खाली 'तयार करणारा' आणि सहीची जागा. एवढं दिसलं की मग डोकं चालू होतं. घरची वाणसामानाची यादीसुद्धा मी अनुक्रमांक टाकून करतो. केतकीला विचारा.

तेव्हा दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी कंपनीच्या कॉम्प्युटरवर लाइनचं स्किल मॅट्रिक्स उघडलं. हे काय असतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यातच आहे. हा एक तक्ता. एका बाजूला माणसांची नावं, वरच्या ओळीत कामं, आणि प्रत्येक चौकोनात एक गोल. काम नुसतं माहीत असेल तर पाव गोल काळा करायचा. कुणी शेजारी उभं राहिल्यावर जमत असेल तर अर्धा. एकट्यानं जमत असेल तर पाऊण. आणि दुसऱ्याला शिकवण्याइतकं येत असेल तर पूर्ण काळा.

आमच्या लाइनचा हा तक्ता दर सहा महिन्यांनी मीच नव्यानं भरतो. नव्यानं भरतो म्हणजे तारीख बदलतो. माणसं आठ, कामं सहा, आणि सगळ्या चौकोनांत पाऊण गोल. पाऊण बरा पडतो. कमी दिला तर 'याला अजून शिकवलं का नाही' विचारतात, पूर्ण दिला तर 'मग शिकवून दाखवा' म्हणतात. पाऊण गोलाला कुणी काही विचारत नाही.

पण भुतांना पाऊण देऊन कसं चालेल? केतकी बसली होती ना टपून!

मग सुचलं, कुणासारखं तरी बनवू. आणि माझ्यासमोर माणसं कोण? लाइनवरची. नावं त्या तक्त्यात आधीच होती, ती मी तशीच ठेवली. म्हणजे कुठलं भूत कुणासारखं वागतं ते आपल्या ध्यानात राहील. 'स्टेशन' या रकान्यात भुताचा प्रकार घातला आणि वरच्या ओळीतली कामं बदलली.

बालाजी आमच्या प्रेसवरचा, नांदेडकडचा गडी. दोघांनी उचलायचा डाय, म्हणजे प्रेसमधला लोखंडी साचा, एकटा सरकवतो आणि वर विचारतो, "सर, अजून काही?" तो झाला खवीस. जड उचलणे, पूर्ण गोल.

कोकणातला दिनेश वॉशिंग टाकीवर असतो. दिवसभर पाण्यापाशी, आणि टाकीतला भाग हातात आला की चकचकीत झाल्याशिवाय सोडत नाही. तो पाण्यातला गिरा. पाण्याजवळ काम, पूर्ण. पकड न सोडणे, पूर्ण.

पॅकिंगच्या संगीताताई. त्यांनी लांबून नाव घेऊन हाक मारली की माणूस जागच्या जागी थिजतो. मीसुद्धा. त्यांना… आता काय करणार, माझ्या यादीत बाईमाणूस भूत एकच होतं ना! हडळ.

आणि मामा. मामा महाळुंग्याचेच, जुन्या शेतकरी घरातले. कंपनी उभी आहे त्या जागेवर त्यांच्या चुलत्याचा हरभरा असायचा. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. कुठल्याही स्टेशनवर माणूस आला नाही की मामा न सांगता तिथं जाऊन उभे. भांडण झालं की दोघांच्या मधे मामा. त्यांच्याशिवाय वेताळ कोण होणार? टोळी एकत्र ठेवणे, पूर्ण. जिथं कुणी नाही तिथं स्वतः उभं राहणे, पूर्ण. उरलेले चौघे झाले त्यांच्या हाताखालची किरकोळ पिशाच्चं.

शेवटचा रकाना खास खेळासाठी होता, 'वाटसरू गिळणे'. त्यात खविसाला पूर्ण गोल. बालाजीला जेवताना बघितलं असेल त्याला कारण सांगायला नको. आणि सगळ्यात खाली टीप: 'फासा पंधराच्या वर पडल्यास वाटसरू वाचेल.'

तर पुढच्या गुरुवारी काय खेळ रंगला म्हणून सांगू! हडळीनं लांबून नाव घेऊन मेव्हण्याला थांबवला, गिऱ्यानं ओढ्यात त्याचा पाय धरला, खविसानं वरून दरड लोटली, आणि वेताळ नुसता उभा राहून सगळ्यांना हालवत होता. केतकी दोनदा मरता मरता वाचली. खेळ संपल्यावर म्हणाली, "आज पहिल्यांदा भीती वाटली. ही खरी भुतं वाटली." लग्नाला सहा वर्षं झाली, एवढं कौतुक माझ्या स्वयंपाकाचंही नाही झालेलं. आणि मी बरा करतो हो स्वयंपाक!

त्या हुरूपात शुक्रवारी मी तक्त्यात थोडी दुरुस्ती केली. एका चौकोनात पाऊणचा पूर्ण गोल केला. आणि दुरुस्ती केली की आपला हात काय करतो? रिव्हिजन नंबर वाढवतो. शून्य एकचं शून्य दोन केलं. छापलं. छापलं की हात काय करतो? सही करतो. केली! तारीखही घातली. कागद टेबलावर ठेवला आणि चार वाजताच्या मीटिंगला गेलो. कागद गेला डोक्यातून.

शनिवारी ऑडिट.

सकाळी गेटवर ऑडिटरबाईंना आणायला जायचं होतं. जाता जाता मी मामांना हाक मारली. "मामा, बोर्डावरचे सगळे कागद एकदा बघून घ्या. माझ्या टेबलावर नव्या रिव्हिजनचं जे असेल ते लावा, जुनं फाडून टाका."

"व्हय," मामा म्हणाले. "नवं लावायचं, जुनं फाडायचं."

आता ह्यात मामांची काही चूक आहे का? सांगा तुम्हीच.

ऑडिटरबाई बारीक चणीच्या, हातात साधी पेन्सिल, आवाज अगदी हळू. हळू बोलणाऱ्या ऑडिटरला घाबरावं, हा माझा बारा वर्षांचा अनुभव आहे. त्या लाइनवर आल्या आणि थेट बोर्डापुढं उभ्या राहिल्या. शेजारी निकम सर, नवाकोरा शर्ट घालून. त्यांच्यामागं मी.

बाई वाचत होत्या. वाचतच होत्या. सगळ्या पाऊण गोलांचा तक्ता वाचायला एवढा वेळ? म्हणून मी सरांच्या खांद्यावरून डोकावलो.

'हडळ.'

डोळ्यांपुढं पत्र आलं, वडील आले, आणि पेढ्यांचे रिकामे खोकेही आले.

"हे गिरा म्हणजे कुठलं स्टेशन?" बाईंनी विचारलं.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? 'चुकून लागलं' म्हटलं असतं, कागद काढला असता, माफी मागितली असती. पण शेजारी निकम सर वळून माझ्याकडं बघत होते. मी तोंड उघडलं आणि माझ्या कानांनी ऐकलं, मी सांगत होतो, "मॅडम, ती आमची नवीन पद्धत आहे. प्रत्येक स्टेशनला टोपणनाव दिलंय. लोकांच्या पटकन लक्षात राहतं."

"अच्छा," बाई म्हणाल्या. आणि पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं.

निकम सरांना यातलं काडीचंही माहीत नव्हतं. पण मॅनेजर लोकांची एक कला असते. नवी पद्धत म्हटलं की ती त्यांचीच असते. "हो मॅडम," ते म्हणाले, "आम्ही गेले काही महिने यावर काम करतोय."

"मग ऑपरेटरना विचारते," बाई म्हणाल्या, आणि वॉशिंग टाकीकडं वळल्या.

मी मागून दिनेशला डोळ्यांनी, हातांनी, भुवयांनी खुणा करत होतो. त्याला वाटलं, मला चक्कर येतीये. त्यानं मला पाण्याची बाटली देऊ केली.

"तुमचं स्टेशन कुठलं?" बाईंनी तक्ता त्याच्यापुढं धरला.

दिनेशनं वाचलं. माझ्याकडं बघितलं. पुन्हा वाचलं. "मी… गिरा."

"गिरा काय करतो?"

"पाण्यापाशी असतो मॅडम," तो सावकाश म्हणाला. "हाताला लागेल ते धरतो. साफ झाल्याबिगर सोडत नाही."

बाईंनी टाकीतला एक भाग उचलला, उजेडात फिरवून बघितला, बोट फिरवलं. एक कण नाही! पेन्सिलीनं बरोबरची खूण केली. अहो, चाललंय की!

पुढं पॅकिंग. संगीताताईंनी तक्ता वाचला. मी माझ्या बुटांकडं बघत राहिलो.

"'लांबून हाक मारून थांबवणे'," बाईंनी मोठ्यानं वाचलं. "पूर्ण गोल. दाखवता?"

ताईंनी माझ्याकडं जो कटाक्ष टाकला त्यात ओव्हरटाइमसकट सगळं वसूल झालं. मग त्यांनी इकडं तिकडं बघितलं. शेडच्या पार टोकाला, डिस्पॅचच्या दारात, फोर्कलिफ्ट मागं येत होती आणि एक नवीन कामगार पाठ करून मधे उभा होता.

"ए संजू ऽऽऽ!"

फोर्कलिफ्ट थांबली. तो कामगार थांबला. प्रेसवर बालाजी थांबला. शेजारच्या लाइनवरची माणसं थांबली. निकम सरांनी हात खिशातून काढून दोन्ही बाजूला सरळ ठेवले, शाळेतल्यासारखे.

बाईंनी हळूच खूण केली. "पूर्ण गोल बरोबर आहे," म्हणाल्या.

आता मात्र माझ्या अंगात वारं शिरलं. भीती गेली आणि तिच्या जागी माज आला. खविसाकडं नेलं, बालाजीनं डाय सरकवून दाखवला. "लई हलका हाय हे मॅडम," वर हेही सांगितलं. मग बाईंचं बोट शेवटच्या रकान्यावर आलं.

"'वाटसरू गिळणे'?"

माज उतरला.

"यांना पूर्ण गोल आहे," बाई म्हणाल्या. "बाकीच्यांना पाव."

"मॅडम, ते…" मी म्हणालो, "ते कॅन्टीनचं नियोजन आहे."

बालाजी माझ्याकडं बघून म्हणाला, "काय बोलायलाव सर?"

"आणि ही टीप?" बाई. "'फासा पंधराच्या वर पडल्यास वाटसरू वाचेल.'"

माझ्याजवळच्या थापा संपल्या होत्या. पण निकम सर पुढं सरसावले. "सुरक्षा सूचना, मॅडम. आमच्याकडं सेफ्टी पहिली!"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्या हसू दाबत होत्या का, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. मग म्हणाल्या, "याआधीचं रिव्हिजन फाइलला असेल ना? दाखवा."

फाइल आली. शून्य एक. आठ माणसं, सहा कामं, सगळे गोल पाऊण. बाईंनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ बघितले.

"हा कुणी भरला?"

"मी."

"आणि हा?"

"मीच मॅडम."

"एकाच माणसानं?" त्या म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या. पण खरं सांगतो, निकम सरांच्या आठ महिन्यांच्या ओरडण्यानं जे झालं नव्हतं, ते त्या दोन शब्दांनी झालं. मला लाज वाटली. भुतांसाठी मी जेवणाची सुट्टी घालवली होती. माणसांची फक्त तारीख बदलत होतो.

दुपारी अहवाल आला. ऑडिट पास! त्यात दोन शेरे होते. एक, स्टेशनला रूढ नावं द्यावीत. दोन, प्रत्येकाची भूमिका स्पष्ट आहे, मात्र लाइन इन्चार्जची स्वतःची ओळ तक्त्यात नाही, ती भरून रिव्हिजन शून्य तीन लावावं.

गाडीत बसताना बाई मला म्हणाल्या, "फासा कंपनीत आणू नका," आणि काच वर केली.

निकम सरांनी मला केबिनमध्ये घेतलं, दार लावलं. मी मनात गावी जायची बस धरली. सर खुर्चीत बसले, कागद हातात घेतला, आणि हळू आवाजात म्हणाले, "गणेश, खरं सांग. यात मी कोण आहे?"

"सर, तुम्ही यात नाही आहात."

"नाही?" त्यांचा चेहरा उतरला हो! "बालाजीसुद्धा आहे, आणि मी नाही?" मग म्हणाले, "बरं. ती तुझी ओळ भरून आण, मग पत्रावर सही करतो. नियम माहितीये ना? स्वतःचे गोल स्वतः भरायचे नाहीत. लाइनकडून भरून घे."

म्हणजे माझ्या पत्राची किल्ली आता कुणाकडं? ज्यांना मी भुतं केलं त्यांच्याकडं!

चहाच्या सुट्टीत मी त्या चौघा मुख्य भुतांना कॅन्टीनमध्ये बसवलं आणि सगळं कबूल केलं. गुरुवारचा खेळ, फासा, केतकी काय म्हणाली, 'येतात, गुरगुरतात, मरतात', सगळं. संगीताताई या वाक्याला जरा जास्तच हसल्या. तेव्हा मी लक्ष दिलं नाही.

"मला माफ करा," मी म्हणालो. "तुम्हाला भूत म्हणायचा माझा हेतू नव्हता."

"भुताचं सोडा सर," दिनेश म्हणाला. "पण आमच्यात गिरा नाही म्हणत, गिरो म्हणतात. आणि तो खाडीत असतो. टाकीत कधी बघितलाय गिरो?"

"मला अंधारात बघायला अर्धाच गोल का?" बालाजी. "परवा लाइट गेल्तं तवा डाय कुणी काढला?"

आणि संगीताताई. मी त्यांच्या तोंडाकडं बघू शकत नव्हतो. "सर, हडळीचे पाय उलटे असतात ना?"

"हो ताई… म्हणजे, तसं म्हणतात."

"मग उलट्या पायांनी आठ तास उभं राहून पॅकिंग कसं करायचं? तीन वर्षं झाली, स्टूल मागतेय."

स्टूल सोमवारी आलं, हे इथंच सांगून टाकतो.

मामा तेवढे बशीत चहा ओतून फुंकर घालत होते. मी म्हणालो, "मामा, तुमचा तर मी सगळ्यात मोठा गुन्हेगार आहे. तुम्ही बिचारे चष्मा खिशातच ठेवून, न वाचता कागद लावून आलात…"

"चष्मा व्हता की," मामा म्हणाले. "खिशात कशाला ठिवीन? डोळ्यावर व्हता."

"म्हणजे तुम्ही वाचलं होतं?"

"समदं वाचलं. दोनी कागद वाचलं."

"आणि तरी हा लावलात? मामा, माझं पत्र अडकलं होतं हो!"

"तुमीच म्हणला, नवं लावा, जुनं फाडा. सही तुमची, नंबर नवा." मामांनी बशी खाली ठेवली. "गणेशराव, खरं सांगू? बावीस वरसं ह्या लाइनीवर हाय. त्या जुन्या कागदात मी आन काल आलेलं पोरगं एकच. पाऊण. ह्या कागदात पयल्यांदा माजं गोल पुरं भरल्यालं बघितलं. वेताळ तर वेताळ! पन वळखू तर येतुय. मला न्हाई फाडवलं ते."

मी म्हणालो, "मामा, खरा तक्ता मी पुन्हा भरतो. एकेकाजवळ उभा राहून भरतो." आणि भरला हो, पुढचे चार दिवस खरंच भरला. मामांचे पाच गोल पूर्ण आहेत आता. कागदावर भुताचं नाव नाही, पण ओळ वाचली तर कोण ते कळतं.

राहता राहिली माझी ओळ. बुधवारी मी कोरा रकाना मामांच्या हवाली केला आणि कामाला लागलो. लांबून दिसत होतं, चौघांची डोकी एकत्र आली होती, पेन हातोहात फिरत होतं, मधेच संगीताताई डोळे पुसत होत्या. मला वाटलं, भावूक झाल्या असतील. माणूस किती आशावादी असावा!

कागद गेला तो थेट निकम सरांकडं. सरांनी वाचला, मोठ्यानं हसले, मंजुरीची सही केली आणि त्याच पेनानं माझ्या पत्रावरही केली. मी इन्चार्ज झालो! वडिलांचे पेढे वाया गेले नाहीत. आधी वडिलांना फोन लावला, मग केतकीला, आणि मग बोर्डावर माझी ओळ बघायला गेलो.

बाकी सात ओळी खऱ्या नावांच्या, खऱ्या कामांच्या. आठवी मामांची. आणि नववी माझी, मामांच्या अक्षरात.

नाव: गणेश. स्टेशन: साधा राक्षस. काम: येतो, गुरगुरतो, जातो.

मी मामांकडं गेलो. म्हटलं, "मामा, हे काय? आणि तो 'जातो' शब्द खाडाखोड करून का लिहिलाय?"

"आदी 'मरतो' ल्हिलं व्हतं," मामा म्हणाले. "संगीता म्हनली, नगं, स्टूल दिलंय त्यानं."